रॅक-पिनियनचा लूज: घासलंय नेमकं काय, हे पार्ट मागवण्याआधी कसं ठरवायचं?

अवधान_फिटर

राम राम मंडळी. धुळ्यात अवधान एमआयडीसीतल्या शेडमध्ये गॅन्ट्रीचं प्लाझ्मा प्रोफाइल कटिंग मशीन आहे. लांबीचा प्रवास ६ मीटर. दोन्ही बाजूंना हेलिकल रॅक (तिरकस दात्यांची सरळ पट्टी), मॉड्यूल २ (दात्याचं माप), एकेक मीटरचे तुकडे. रॅकवर फिरणारं पिनियन (छोटं दातेरी चाक) २० दात्यांचं, मागे १०:१ प्लॅनेटरी गिअरबॉक्स, दोन्हीकडे सर्वो मोटर. गॅन्ट्री दोन्ही बाजूंना लिनियर गाइडवर चालते.

गोल कापला की समोरासमोर दोन ठिकाणी पायरी येते. लांबीचा ॲक्सिस जिथे उलटा वळतो, बरोबर तिथेच. सर्वो चालू ठेवून गॅन्ट्री ढकलली-ओढली आणि डायल गेजवर ऑपरेटरच्या बाजूचा लूज (मोकळी हालचाल) मिमीत पाहिला: अर्ध्या मीटरवर ०.११, १.१ मीटरवर ०.१३, १.५ वर ०.१९, १.९ वर ०.२५, २.१ वर ०.१३, शेवटी ५.५ वर ०.१०. पलीकडच्या बाजूला जवळजवळ सगळीकडे ०.०६.

सप्लायर म्हणतो दोन्ही बाजूंची १२ मीटर रॅक आणि दोन्ही पिनियन बदला. काम जास्त करून पहिल्या अडीच मीटरमध्येच होतं, म्हणून तिथे घासली असणार असं त्याचं म्हणणं. एवढा खर्च करण्याआधी खात्री कशी करावी?

गिरणा_टूलरूम

भाऊ, तुमच्या आकड्यांतच अर्धं उत्तर आहे. १.९ वर ०.२५ आणि २.१ वर ०.१३. मध्ये काय आहे? २ मीटरचा जॉइंट. घासण्याला जॉइंट माहीत नसतो. झीज झाली तर ती उतारासारखी वाढते आणि उतारासारखीच कमी होते, जॉइंट ओलांडला म्हणून २०० मिमीत निम्मी होत नाही. पायरीसारखा फरक दिसला की आधी रॅकची बसवणूक तपासायची, दाते नंतर.

दुसरी गोष्ट, हा एकच आकडा नाही, दोन आकडे एकमेकांवर चढलेत. ०.१० हा सगळीकडे आहे. जो लूज सगळ्या प्रवासात सारखा असतो तो मशीनबरोबर फिरणाऱ्या वस्तूंमधला: पिनियन, चावी (शाफ्टवर पिनियन घट्ट धरणारी पट्टी), गिअरबॉक्स, कपलिंग, आणि पिनियन-रॅकमधलं मुळात ठेवलेलं अंतर. जो जागेनुसार बदलतो तो रॅकचा किंवा गाइडचा. हे दोन वेगळे केल्याशिवाय एकही बोल्ट खोलू नका.

ढकलून वाचन घेताना वजनकाटा लावा. स्प्रिंग बॅलन्सने १५, २५, ३५ किलोला दोन्ही दिशांनी वाचन घ्या आणि कागदावर रेषा काढून शून्य किलोपर्यंत मागे न्या. जे उरतं तो खरा लूज. वजनाबरोबर वाढत जातं तो लोखंडाचा लवचिकपणा, तो पार्ट बदलून जात नाही. नुसत्या हाताने ढकललं तर जोरकस माणसाचं वाचन वेगळं येतं आणि हलक्या हाताचं वेगळं. डायल रॅकच्या शक्य तितक्या जवळ लावा, वर बीमवर नको, नाहीतर बीमचं वाकणंही त्यात मोजलं जातं.

सातपुडा४५

एवढं कशाला? फॅनक कंट्रोलला १८५१ पॅरामीटर, सीमेन्सला ३२४५०. बॅकलॅशचा, म्हणजे लूजचा आकडा टाका आणि कापायला घ्या.

गिरणा_टूलरूम

पॅरामीटर ॲक्सिस उलटताना एकच ठरलेला आकडा भरून देतो. इथे लूज ०.१० पासून ०.२५ पर्यंत बदलतोय. ०.२५ भरला तर ५.५ मीटरवर ०.१५ ने उलटीकडे पुढे जाईल, म्हणजे गोलावर पायरी असेल तिथे खड्डा येईल. ०.१० भरला तर १.९ वर ०.१५ तसाच उरेल. आणि सैल बोल्ट पॅरामीटरने आवळला जात नाही. मेकॅनिकल काम संपल्यावर उरलेला, सगळीकडे सारखा असलेला लूज पॅरामीटरमध्ये भरा, त्याला हरकत नाही.

तापीकाठ

रॅक घासली की खाली बसली, हे वेगळं करायला ३.५ मिमीची स्टीलची बेअरिंग गोळी पुरते. मॉड्यूल २ च्या खाचेत ठेवली की ती दात्यांच्या टोकांपेक्षा साधारण अर्धा मिमी वर राहते, म्हणजे डायल आरामात लागतो. हेलिकल दात्याला रोलरपेक्षा गोळी बरी, कारण तिरकस खाचेत रोलर कुठे टेकलाय ते कळत नाही.

पद्धत अशी. डायलचा स्टँड गॅन्ट्रीच्या गाइड ब्लॉकला, म्हणजे पिनियन ज्या वाटेने जातं त्याच वाटेने डायल जाईल. रॅक डिझेल आणि ब्रशने धुवून कोरडी करा, खाचेच्या तळातली काळी पपडी टोकदार पितळी पट्टीने काढा. मग दर २५० मिमीला दोन वाचनं:

पहिलं, चपट्या टोकाचा डायल दात्याच्या माथ्यावर. माथा पिनियनला कधीच लागत नाही, पिनियनच्या तळाशी ०.२५ मॉड्यूल, म्हणजे इथे अर्धा मिमी मोकळीक असते. त्यामुळे माथा घासत नाही. माथ्याचं वाचन उतरलं तर रॅकच सरकली आहे, किंवा गाइड उचललेली आहे.

दुसरं, त्याच जागी गोळीच्या वर. गोळी दात्याच्या कडांवर टेकते. कडा घासल्या की खाच रुंदावते आणि गोळी खाली जाते. गोळीच्या उतरण्यातून माथ्याचं उतरणं वजा केलं की उरते ती निव्वळ दात्याची झीज.

आता हिशोब. २० अंशाच्या दात्याला ०.७२८ हा आकडा लक्षात ठेवा, तो म्हणजे २० अंशाच्या टॅनची दुप्पट. रॅक-पिनियनचं अंतर ०.१० ने वाढलं तर लूज ०.०७३ ने वाढतो. गोळी ०.१० ने उतरली तर खाच ०.०७३ ने रुंदावलेली असते. दोन्हीकडे एकच गुणक. हेलिकलमुळे ५-६ टक्के फरक पडतो, निदानाला तो सोडून दिला तरी चालतो.

गोळी पिच लाइनच्या (दात्याच्या उंचीच्या मध्याजवळची रेषा) जवळ टेकते, आणि तिथे दात्यांची घसरण सगळ्यात कमी असते. वर-खाली घसरण जास्त. धुळीत चाललेल्या रॅकवर कधी कधी पिच लाइनवर बारीक कंगोरा उभा राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजू खोल जातात. म्हणून गोळीचं वाचन चांगलं आलं तरी भिंगाने दाता बघाच.

जळगाव_लेथ

दाता बघताना काय दिसतं त्यावरही बरंच ठरतं भो. चकचकीत गुळगुळीत, टोकाकडे पातळ झालेला आणि माथ्यापासून मुळाकडे बारीक रेघा: धूळ-कीस मिसळलेल्या ग्रीसने घासलाय. पिच लाइनच्या जरा खाली खळगे, टाचणीच्या डोक्याएवढे: दाबाने पृष्ठभाग थकलाय, लोड जास्त किंवा दाता मऊ. फाटल्यासारखे ओढलेले पट्टे: तेल-ग्रीसचा थर तुटून लोखंडाला लोखंड चिकटलंय. लाल-तपकिरी भुकटी: कोरड्या दात्यावर एकाच जागी बारीक थरथर होतेय, बहुतेक वेळा सर्वोचा गेन जास्त आणि मशीन उभं असतानाही गुणगुणतं. दात्याच्या एकाच टोकाला चमक, बाकी दाता नवा: पिनियनची शाफ्ट रॅकला काटकोनात नाही.

शेवटच्याला ब्ल्यू (निळा मार्किंग रंग) लावून ठसा घ्या. अर्ध्या रुंदीतच ठसा आला तर आधी मोटरप्लेट सरळ करा. तसंच नवीन पिनियन टाकलं तर तेही त्याच टोकाला जाईल.

अवधान_फिटर

सगळं धुवून वाचनं घेतली. ५.५ मीटरवर दोन्ही डायल शून्य केले. अर्ध्या मीटरवर माथा शून्य, गोळी ०.०२ खाली. १.९ वर माथा ०.१६ खाली, गोळी ०.२१ खाली. २.१ वर माथा शून्य, गोळी ०.०४ खाली. भिंगातून दाते गुळगुळीत, खळगे नाहीत, ठसा पूर्ण रुंदीत.

तापीकाठ

मग चित्र साफ आहे. १.९ वर माथा ०.१६ उतरला, गुणिले ०.७२८ म्हणजे ०.११६. झीज ०.२१ वजा ०.१६ म्हणजे ०.०५, त्याचे ०.०३६. बेरीज ०.१५, आणि तुमचा जास्तीचा लूज ०.२५ वजा ०.१० म्हणजे ०.१५. हिशोब जुळला. त्यातला तीन चतुर्थांश भाग रॅक खाली बसल्याचा आहे, झिजेचा नाही. सगळ्यात जास्त वापराच्या जागी दाता जेमतेम ०.०४ पातळ झालाय. १२ मीटर रॅक बदलायचं कारणच नाही.

दुसरा तुकडा, म्हणजे १ ते २ मीटरचा, २ मीटरच्या टोकाला उतरलाय. तुमची रॅक बेडच्या बाजूला बोल्टने लटकवलेली असेल आणि तिच्या खाली टेकायला खांदा नसेल, बरोबर? पिनियन जेवढ्या जोराने ढकलतं त्याच्या ३६ ते ३९ टक्के जोर रॅकला दूर लोटण्यात जातो. तो सगळा बोल्टच्या घर्षणावर पेलला जातोय. एम-६ बोल्टचं भोक ६.६ किंवा ७ मिमीचं असतं, डॉवेल (जागा पक्की धरणारी पिन) नसेल तर रॅक तेवढ्यात सरकते.

अवधान_फिटर

बरोबर, खांदा नाही. त्या तुकड्याच्या २ मीटरकडच्या टोकाला डॉवेलचं भोक आहे पण डॉवेलच नाही, आणि तिथले तीन बोल्ट ॲलन कीने सहज फिरले. आता राहिला सगळीकडचा ०.१०.

गिरणा_टूलरूम

त्यासाठी पिनियन रॅकपासून मोकळं करा, मोटर लॉक राहू द्या. पिनियनच्या बाहेरच्या तोंडाला एक पट्टी क्लॅम्प करा आणि केंद्रापासून २१२ मिमीवर डायल टेकवा. तुमच्या पिनियनचा पिच व्यास ४२.४४, त्रिज्या २१.२. म्हणजे डायलवर जे येईल त्याच्या दहावा भाग रॅकवर लागतो. ५ आर्कमिनिटचा गिअरबॉक्स ठीक असेल तर पट्टीवर ०.३० च्या आसपास यायला हवं, म्हणजे रॅकवर ०.०३.

जास्त आलं तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी तीच पट्टी पिनियनऐवजी गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर लावा. दोन वाचनांतला फरक चावीचा किंवा क्लॅम्पचा.

इथे पुष्कळ फिटर मोटरच्या शाफ्टची चावी आधी बदलतात. मोटर शाफ्ट १९ मिमीचा धरा, चावीत ०.०५ लूज असला तरी तो १०:१ ने कमी होऊन रॅकवर फक्त ०.०१ होतो. तोच ०.०५ आउटपुटच्या २२ मिमी शाफ्टवर असेल तर रॅकवर जवळजवळ ०.१०. शोध नेहमी पिनियनकडून मागे मोटरकडे.

अवधान_फिटर

पिनियनवर पट्टी ०.७०, शाफ्टवर ०.३१. म्हणजे गिअरबॉक्स जागेवर आहे आणि ०.०४ चावीचा. उरलेला ०.०३ दात्यांमधल्या अंतराचा. पलीकडच्या बाजूचा ०.०६ ही त्यामुळेच समजला: ०.०३ गिअरबॉक्स, ०.०३ अंतर, चावी घट्ट.

जळगाव_लेथ

चावी नवीन घालताना खोबणीच्या भिंती बघा. भिंत गोलावली असेल तर नवी चावी पंधरा दिवसांत तशीच होते. पिनियनमध्येच खोबणी गेली असेल तर पिनियन बदला आणि शक्य असेल तर चावीऐवजी क्लॅम्प बुश घ्या.

पिनियन इथेच जळगावात कापून घेणार असाल तर कोन सांगितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. हेलिकल रॅकचा कोन सहसा १९ अंश ३१ मिनिटं ४२ सेकंद असतो. त्या कोनात मॉड्यूल २ ची पिच बरोबर ६.६६७ येते, म्हणून १ मीटरच्या तुकड्यात १५० दाते भरतात आणि जॉइंट बरोबर लागतो. '२० अंश हेलिक्स' समजून कापलेलं पिनियन चालताना एकाच टोकाला टेकतं. रॅक उजवी असेल तर पिनियन डावं. मटेरियल ईएन-३५३, कार्बुराइझ करून ५८ ते ६० रॉकवेल, आणि बोअर हार्डनिंगनंतर ग्राइंड. ईएन-८ चं मऊ पिनियन हार्ड रॅकवर टाकू नका. या पिनियनची एक फेरी १३३ मिमीची. म्हणजे २ मीटर जाताना रॅकचा प्रत्येक दाता एकदा लागतो आणि पिनियनचा प्रत्येक दाता १५ वेळा. त्यामुळे पिनियन आधी जातं हे ठरलेलंच, म्हणून ते रॅकपेक्षा कठीण हवं.

आणि जुनं घासलेलं पिनियन नव्या रॅकवर कधीच नाही. उलटं, नवं पिनियन थोड्या घासलेल्या रॅकवर चालतं.

वरणगाव_शॉपफ्लोर

गॅन्ट्रीचं समजलं. साध्या सेंटर लेथला यातलं काय लागू होतं? कॅरेजचं हँडव्हील चकजवळ मोकळं फिरतं आणि टेलस्टॉककडे घट्ट लागतं.

जळगाव_लेथ

लेथवर आधी सॅडल (बेडवर सरकणारा कॅरेजचा भाग) तपासा. रॅक बेडच्या खाली दाते जमिनीकडे करून असते, पिनियन एप्रनमध्ये (सॅडलला पुढून लटकलेली पेटी) तिच्या खाली. बेड आणि सॅडल घासले की एप्रन खाली उतरतं आणि पिनियन रॅकपासून लांब जातं. सॅडल ०.३० उतरलं की दाते शाबूत असतानाही ०.२२ लूज वाढतो. ओळख सोपी: कॅरेज चकजवळ असताना लीड स्क्रू आणि फीड रॉड एप्रनमध्ये अडकतात का बघा, आणि त्यांची उंची बेडपासून दोन्ही टोकांना आणि एप्रनजवळ मोजा. एप्रनजवळ दांडा खाली दबलेला दिसला तर सॅडलच उतरलंय. मग सॅडलला टर्साइट (कमी घर्षणाची प्लास्टिकची पट्टी) चिकटवून उंची परत आणावी लागते. जाडी आधी मोजून ठरवा. एप्रन जास्त वर गेलं तर पिनियन रॅकमध्ये रुतून हँडव्हील टेलस्टॉककडे फिरेनासं होतं.

सॅडल ठीक असून चकजवळच दाते पातळ असतील तर लेथची रॅक तुकड्यांची असते, चकजवळचा तुकडा टेलस्टॉकच्या टोकाला आणि तिकडचा इकडे. भोकांचं अंतर आधी मोजा, दोन्ही तुकड्यांचं सारखं असेलच असं नाही. नवीन रॅक मागवताना दहा दात्यांची लांबी मोजून सांगा: ६२.८ आली तर मॉड्यूल २, ६६.५ आली तर ती १२ डीपीची जुनी इंची रॅक. इंची रॅकला दाता साडेचौदा अंशाचाही असू शकतो, पिनियन सोबत नेऊन जुळवा.

बोदवड_जिनिंग

आमच्याकडे कापसाची रुई उडते, तिकडे प्लाझ्माची काळी भुकटी. ग्रीस किती आणि कोणतं? आणि मे महिन्यात दुपारी मशीन जड चालतं, सकाळी नाही. रॅक तापून लांबते का?

सातपुडा४५

भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो. ३ मीटरचा लोखंडी बीम १० अंशांनी जास्त तापला तर ०.३५ मिमी लांबतो. पिनियन त्यानेच रॅकमध्ये घुसत असणार.

गिरणा_टूलरूम

आकडा बरोबर, पण तो सगळ्या मशीनला लागू नाही. वरच्या धाग्यातल्या मशीनसारखी दोन्ही बाजूंना आपापली लिनियर गाइड असेल तर रॅक आणि पिनियनमधलं अंतर गाइडच धरून ठेवते. बीम लांबला तर गाइडच्या ब्लॉकवर आडवा ताण येतो आणि त्यानेही मशीन जड चालतं, पण दाते अडकत नाहीत. चाकांवर चालणारी गॅन्ट्री असेल, एका बाजूला मार्गदर्शक आणि दुसरी बाजू मोकळी, तर तो सगळा ०.३५ मोकळ्या बाजूला जातो. तिथे रॅकचे दाते बाहेर तोंड करून असतील तर पिनियन दूर जाऊन लूज वाढतो, आत तोंड करून असतील तर घट्ट होतं. ०.३५ चे ०.२५ मिमी लूज, हे कमी नाही. अशा मशीनला पिनियन स्प्रिंगने दाबलेलंच हवं. पत्र्याच्या शेडमध्ये बीमवर थेट ऊन येत असेल तर आधी ते अडवा. आणि पिनियनची सेटिंग सकाळच्या गारव्यात करू नका, मशीन ज्या तापमानाला दिवसभर चालतं त्यावर करा.

ग्रीसबद्दल: उघड्या रॅकवर जाड थर लावला की त्यात भुकटी बसते आणि तो थर पॉलिश पेपरचं काम करतो. पातळ, चिकटून राहणारा थर, फोमच्या किंवा नमद्याच्या ल्युब्रिकेटिंग पिनियनने. ते नसेल तर आठवड्याला पुसून, ब्रशने पुन्हा पातळ लावा. जुन्यावर नवं चढवायचं नाही. रुई असेल तर पिनियनच्या दोन्ही बाजूंना नायलॉनच्या ब्रशचे वायपर, दात्यात शिरतील इतके. शक्य असेल तिथे रॅकचे दाते खाली किंवा बाजूला, वर तोंड करून नको.

अवधान_फिटर

रॅकचा तुकडा आता वर घेतोय. जॉइंट कसा लावायचा, आणि डॉवेलचं भोक आता जुळणार नाही, त्याचं काय?

तापीकाठ

भोकाची चिंता शेवटी. आधी तिसऱ्या तुकड्याला हात न लावता दुसरा तुकडा सैल करा, मागची बेडची बाजू पुसून तेलदगडाने बर काढा. जॉइंटवर उलट्या हातची रॅकची एक पट्टी, साधारण १०० मिमीची, दाते दात्यांत बसवून दोन्ही तुकड्यांवर सी-क्लॅम्पने आवळा. पिच तीच जुळवते. दोन तुकड्यांच्या टोकांमध्ये कागद जाईल इतकी फट राहिली तर राहू द्या, टोकाला टोक भिडवायच्या नादात पिच बिघडते.

मग डायल माथ्यावर लावून पूर्ण तुकडा ०.०२ च्या आत आणा. आवळणं मधल्या बोल्टपासून दोन्ही टोकांकडे. एम-६, ८.८ ग्रेडला १० न्यूटन-मीटर, १२.९ ला साधारण १६. टॉर्क पान्याशिवाय हे करू नका, लांब ॲलन कीने एम-६ चे आटे सहज ओढले जातात. पट्टी काढून जॉइंटच्या अलीकडे-पलीकडे गोळीचं वाचन घ्या.

मग पिनियन. खडूने पिनियनच्या दात्यांवर खूण करा, संपूर्ण ६ मीटर चालवा आणि सगळ्यात घट्ट जागा शोधा, रॅकवरही आणि पिनियनच्या फेरीतही. त्या घट्ट जागी ०.०३ लूज ठेवून मोटरप्लेट आवळा. सैल जागी सेट केलं तर घट्ट जागी दाते रुततात आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतं. दर १३३ मिमीला टक आवाज आला तर पिनियनचा एक दाता किंवा बोअरची रनआउट (भोक नेमकं केंद्रात नसणं), दर १ मीटरला आला तर जॉइंट.

सगळं बसून एक दिवस चालल्यावर डॉवेल. जुनं भोक ६ चं असेल तर रॅक आणि बेड एकत्र ठेवूनच ७.८ ने ड्रिल, ८ एच-७ रीमर, ८ चा डॉवेल. फक्त दातेच इंडक्शन हार्ड असलेल्या रॅकचं अंग मऊ असतं, साधं ड्रिल चालतं. पूर्ण कार्बुराइझ केलेल्या रॅकला कार्बाइड ड्रिल लागेल, आधी फाइल ओढून बघा. प्रत्येक तुकड्याला दोन डॉवेल, दोन्ही टोकांजवळ. बाकीच्या तुकड्यांचे डॉवेलही आहेत का बघून घ्या, एका ठिकाणी राहिलंय म्हणजे दुसरीकडेही राहिलं असू शकतं.

अवधान_फिटर

पाचव्या तुकड्यालाही एक नाही. तिथे माथा अजून उतरलेला नाही, पण त्याच दिवशी मारून टाकतो. दोन्ही बाजू झाल्यावर २००० बाय १५०० चा आयत आखून दोन्ही कर्ण २५०० येतात का ते बघून इथे आकडे टाकतो.